तळं बुजवायचं की ठेवायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला ‘बँकेतले अनुभव’ या विषयावर बोला म्हणून सांगितलं होतं. बँकेतले अनुभव ऐकायला तुम्ही इथे थांबणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी विषय बदलून मागितला. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर बागेतलं तळं बुजवून तिथे दुचाकींचं पार्किंग करण्याचा ठराव आहे. मी त्याच्या विरोधात हात वर करणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. पण आज मी प्रचाराला उभा नाही. मत देण्यापूर्वी या तळ्याचा जमाखर्च तुमच्यासमोर असावा, एवढाच हेतू. काय लागतं, कोण करतं, काय मिळतं.

नवीन राहायला आलेल्यांना माहीत नसेल, हे मुळात तळं नव्हतंच. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘संगीत कारंजे’ होतं. संगीत कधीच वाजलं नाही, कारंजं दोनेक वर्षं उडालं आणि मग सिमेंटची एक कोरडी टाकी उरली. म्हणजे उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात डबकं. मी २०१० साली निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी आम्ही चौघांनी तिचं तळं केलं. त्या चौघांपैकी दोघे आता मुलांकडे परगावी असतात, एक आपल्यात नाहीत. उरलो मी.

टाकीचं माप बारा फूट लांब, आठ फूट रुंद, अडीच फूट खोल. म्हणजे २४० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, तेव्हा आपल्या तळ्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी आहे. घरातल्या दोन फुटी फिश टँकमध्ये साठ-सत्तर लिटर असतं. हा फरक लक्षात ठेवा. मोठं पाणी हळू तापतं, हळू गार होतं आणि हळू बिघडतं. तळ्यातले मासे तगतात ते त्यामुळे. मात्र एकदा बिघडलं की हळूच सुधारतं.

नव्या सिमेंटच्या टाकीत मासे थेट सोडायचे नसतात. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि माशांचे कल्ले भाजून निघतात. आम्ही टाकी भरायची, आठवडाभर ठेवायची, पाणी झाडांच्या आळ्यांपासून दूर सोडून द्यायचं, पुन्हा भरायची, असं पाच वेळा केलं. तेव्हा सगळे विचारायचे, “काका, तुमचे मासे अदृश्य आहेत का?” सहाव्या वेळी भरल्यावर वनस्पती लावल्या आणि फक्त दहा गप्पी सोडले. बाकीचे दीड महिन्याने.

हा दीड महिना कशासाठी? मासा पाण्यातच खातो, पाण्यातच सगळं करतो. त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. पाण्यात, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात काही उपयोगी जिवाणू वाढतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असतं आणि झाडं ते खत म्हणून वापरतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आपण मासे पाळत नाही, जिवाणू पाळतो, आणि मासे त्या जिवावर जगतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जिवाणू मरतात. तळ्यातलंच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळायचा, बस्स. सफाईची हौस असलेल्या मंडळींना हे पटत नाही. पण स्वयंपाकघराची स्वच्छता वेगळी आणि तळ्याची वेगळी.

आता मासे कोणते. ‘ट्रॉपिकल फिश’ म्हणजे उष्ण कटिबंधातले मासे. माझ्या मुलाने मला परदेशातून एक जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की हे मासे उन्हाळ्यात चार महिने बाहेर ठेवावेत आणि थंडी पडायच्या आत घरात आणावेत. आमच्या बी विंगमधल्या एका ताईंनी ते वाचून विचारलं, “काका, मग आपण डिसेंबरात मासे कुठे ठेवायचे?” अहो, कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेश-गुजरातमधून जातं. अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच आहे. ते पुस्तक त्यांच्या बर्फासाठी लिहिलेलं. आपल्याकडे घोर थंडीचा कमी आणि एप्रिल-मे महिन्यांचा जास्त.

तरीही पुण्याची थंडी अगदीच सोडून देता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या खाली जाणं आपल्याकडे नवलाचं नाही. हवा तेवढी उतरली तरी अडीच फूट खोल पाणी तेवढं उतरत नाही. मी रोज सकाळी सातला थर्मामीटर बघून वहीत लिहितो, जुनी कॅशबुकाची सवय. थंडीतल्या बहुतेक सकाळी पाणी सोळा-सतराच्या आसपास असतं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल एवढं काढतात. झेब्रा मासा आणि रोझी बार्ब तर मजेत असतात. हे दोन्ही मूळचे आपल्या उपखंडातलेच. झेब्रा आपल्याकडच्या ओढ्यांतला मासा असून जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो. एंजल, डिस्कस, निऑन हे मात्र बाहेरच्या तळ्यात आणू नका. दुकानात कितीही सुंदर दिसले तरी. डिस्कसला २८ अंशांच्या आसपासचं पाणी बारा महिने लागतं, ते आपल्या तळ्यात मिळणार नाही.

मागच्या हिवाळ्यात ए विंगमधल्या एका छोट्याने मला विचारलं, “आजोबा, माशांना थंडी वाजते का?” फार चांगला प्रश्न. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी गार झालं की त्याची पचनशक्ती मंदावते. थंडीत म्हणून खाणं निम्म्यावर आणायचं, आणि तेही दुपारी बारा-एकला, पाणी थोडं तापल्यावर. सकाळी सातला फिरायला जाता-जाता मूठभर टाकलेलं खाणं तसंच तळाशी जाऊन कुजतं.

आणि मंडळी, खाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. तळ्यातले मासे उपासाने सहसा मरत नाहीत, लाडाने मरतात. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, दिवसातून एकदा. शेवाळ, किडे, अळ्या ते शोधून खातातच. आठ दिवस कोणी नसलं तरी काही बिघडत नाही. पण आपल्याकडे वाढदिवस असतो, पाहुण्यांची मुलं येतात, मग बिस्किटं, पाव, चुरमुरे, पोळीचे तुकडे! एका पितृपक्षात भाताची मूदच तरंगत होती. भावना मी समजतो, पण तो भात कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो. तळ्याजवळच्या ‘खाऊ घालू नये’ या पाटीवर कोणी तरी मिशा काढल्यात. मिशा राहू द्या, पण पाटी वाचा.

प्राणवायूचं गणित थोडं सांगतो, कारण उन्हाळ्यातला सगळा प्रश्न तोच आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. फरक दीडच मिलिग्रॅमचा, पण गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त. त्यात पाणी हिरवं झालेलं असेल तर ते हिरवे सूक्ष्म शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की लोकांना वाटतं भूक लागली, आणि ते खाणं टाकतात! तो जीव गुदमरत असतो. तेव्हा पंप चालू आहे का बघायचं. वीज गेली असेल तर बादलीने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात ओतायचं. दहा-पंधरा मिनिटं ओतलं तरी फरक पडतो.

पंप म्हटलं की विजेच्या बिलाचा मुद्दा येतो. आपला पंप ४० वॉटचा आहे. चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिटही होत नाही, महिन्याला सुमारे २९ युनिट. पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात ऊन-वाऱ्याने रोज चार-पाच बादल्या पाणी उडून जातं. पाणीकपातीच्या दिवसांत माणसांना टँकर आणि माशांना पाणी, असा शेरा मला लिफ्टमध्ये ऐकू आलेला आहे. माझी सूचना एवढीच, गच्चीवरच्या टाक्या रात्री किती वेळ ओसंडून वाहतात ते एकदा मोजा. तळ्यातून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून आपण नवं घालतो, आणि ते काढलेलं पाणी माळीदादा गुलाबांना घालतात. वाया काही जात नाही. त्यात नायट्रेट असतं, गुलाब बोलत नाहीत पण दिसतात. पाणी काढणं गरजेचं, कारण नुसती वरून भर घालत राहिलं तर वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर लवकरच. नळाचं पाणी ड्रममध्ये भरून एक दिवस उघडं ठेवतो आणि मग घालतो, क्लोरीन उडून जावं म्हणून. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, ॲक्वेरियमवाल्यांकडे ‘अँटिक्लोरीन’ म्हणून.

सावली ही उन्हाळ्यातली खरी दवा. बकुळीची फांदी तळ्यावर झुकलेली आहे. तिचा दुपारी उपयोग होतो, फुलं वेचणाऱ्या आजींचाही होतो, पण पानं पाण्यात पडून कुजतात म्हणून जाळीने रोज काढावी लागतात. एप्रिलपासून अर्ध्या भागावर हिरवं शेडनेट बांधतो. शिवाय कुमुदिनीची पानं. जलपर्णी कोणी हौसेने आणून टाकली तर मी काढून टाकतो. ती दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांची, दिसायला छान. पण आपल्या नदीवर तिने काय केलं आहे ते पुलावरून जाता-येता सगळ्यांनी पाहिलं आहे.

डासांकडे वळतो. ठरावाचा मुख्य मुद्दा डेंग्यू हाच आहे आणि मुद्दा गंभीर आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीतली तीन माणसं रुग्णालयात होती. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. मग आपल्या तळ्यात डास होतात का? होत नाहीत, कारण तिथे गप्पी आहेत. गप्पी हा मूळचा कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून हे नाव पडलं. अनेक महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो टाक्यांतून, हौदांतून सोडतात. तपासणीला आलेल्या माणसाने तळ्याचं पाणी पळीने काढून पाहिलं, एक अळी सापडली नाही. अळ्या सापडल्या त्या बाल्कन्यांतल्या कुंड्यांच्या ताटल्यांत आणि जिन्याखाली ठेवलेल्या एका जुन्या कूलरमध्ये. कोणाच्या ते इथे सांगत नाही. ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, आठवड्यातून एकदा घासायच्या. माझी भीती उलटी आहे. तळं अर्धवट बुजलं, काम रेंगाळलं, त्यात पावसाचं पाणी साठलं आणि मासे नसले, तर तो डासांचा कारखाना होईल. संगीत कारंज्याच्या काळात तो होताच.

याच डासांपायी एकदा तळ्यावर मोठं संकट आलं होतं. धूरफवारणीसाठी बोलावलेल्या खासगी कंत्राटदाराच्या माणसाने तळ्याच्या कडेला उभं राहून यंत्राचं तोंड सरळ पाण्यावर धरलं. त्या औषधात बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. माणसाला त्या मानाने सौम्य, माशाला जहाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माळीदादांनी दीड घमेलं मासे उचलले. वहीत त्या दिवशी फक्त तापमान लिहिलं आहे. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या संध्याकाळी तळ्यावर ताडपत्री टाकायची आणि हवेचा पंप बंद ठेवायचा, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. काम संपून तासाभराने ताडपत्री काढायची. हे ज्याच्या लक्षात राहील असा माणूस हवा.

तसंच गणपतीचं. घरच्या घरी विसर्जनासाठी पुण्यात अमोनियम बायकार्बोनेट दिलं जातं. ती पद्धत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासातून आली आणि प्लास्टरच्या मूर्तीसाठी ती चांगली आहे. त्या बादलीतलं उरलेलं पाणी भरपूर पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. तळ्याला चालत नाही! अमोनिया म्हणजे काय ते मघाशी सांगितलंच. शाडूची मूर्तीही तळ्यात नको, माती कल्ल्यांत बसते. गणपतीसाठी कमिटीने वेगळा हौद ठेवला आहे, तो वापरावा.

गप्पींचं दुसरं टोक म्हणजे त्यांची संख्या. अंडी नाहीत, थेट पिल्लं, दर महिन्याला, एकेका मादीला वीस-तीस. चक्रवाढ व्याज मी आयुष्यभर शिकवलं, पण इतक्या वेगाचं पाहिलं नव्हतं. थोडी पिल्लं मोठे मासे खातात, थोडी चतुराच्या अळ्या खातात, खंड्या रोज सकाळी आपला वाटा घेतो आणि ढोकरी तर तासन्‌तास ध्यान लावून बसते. मी तिला हाकलत नाही. तरी मासे जास्त होतातच. मग ज्यांच्या गच्चीत कमळाचे टब आहेत त्यांना द्यायचे. पण नदीत, ओढ्यात, तलावात एकही सोडायचा नाही. सोडलेला मासा तिथल्या माशांच्या तोंडचा घास काढतो. ‘टँक साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा काळा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी कंटाळून सोडला आणि आज तो गंगेपासून केरळपर्यंत सापडतो. फूट-दीड फूट वाढतो आणि काठ पोखरतो. पुण्य लागेल म्हणून मासे सोडणाऱ्यांनी हे ऐकावं. पावसाळ्यात आपलं तळं भरून वाहतं तेव्हा मासे गटारात जाऊ नयेत म्हणून वरच्या पाइपला बारीक जाळी लावली आहे. तिच्यात पानं अडकतात, मोठा पाऊस पडला की ती हाताने मोकळी करावी लागते. रात्री अकरालासुद्धा.

आता एक मुद्दा, ज्यावर मी ठराव मांडणाऱ्यांच्या बाजूने आहे. सी विंगमधल्या तरुण आई-वडिलांनी मुलांच्या सुरक्षिततेचं विचारलं. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. दीड-दोन वर्षांचं मूल फूटभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाजही होत नाही. सध्याचा दोन फुटी कठडा पुरेसा नाही. लोखंडी चौकटीची जाळी पाण्याच्या पातळीच्या जरा वर बसवावी, मोठं माणूस उभं राहिलं तरी वाकू नये इतकी भक्कम, आणि कुलूप लावता येईल अशी. दोन ठिकाणांहून दरपत्रकं आणून मी सचिवांकडे दिली आहेत. तळं ठेवायचं ठरलं तर आधी जाळी, मग बाकी सगळं. जाळी बसणार नसेल तर माझंही मत बुजवण्याकडेच जाईल.

आणि खरा प्रश्न पैशाचा किंवा जागेचा नाहीच. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. गुडघे वाकत नाहीत, जाळीने पानं काढताना माळीदादांना हाक मारावी लागते. रोजचं काम वीस मिनिटांचं आहे, रविवारी तासाभराचं. पण ते रोज आहे. तळ्याला सुट्टी नसते. चार घरांनी एकेक आठवडा वाटून घेतला तर कोणालाच जड नाही. चार घरं पुढे आली तर मी सभेत हात वर करून म्हणेन, ठेवा. नाही आली तर माझ्या एकट्याच्या हट्टासाठी तळं ठेवू नका. राखण नसलेल्या तळ्यापेक्षा पार्किंग बरं.

मुलांची तीन नावं माझ्याकडे आलेली आहेत, वय वर्षं नऊ, अकरा आणि अकरा. त्यांच्याबरोबर एकेक मोठं माणूस लागेल.

ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी सातला तळ्यापाशी यावं, येताना जुने कपडे घालून. खाण्याचा डबा पंपरूममध्ये दुसऱ्या फळीवर आहे, आतला लहान चमचा सपाट भरला की दिवसाचं माप झालं. जाळी दाराच्या मागे टांगलेली. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यातच असतो, वाचायला चष्मा लागतो. नवे मासे आणले तर पंधरा दिवस त्या निळ्या टबात वेगळे ठेवायचे, त्याशिवाय तळ्यात नाही. फवारणीची ताडपत्री कोपऱ्यात घडी करून ठेवली आहे. वही मी सोबत आणली आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवतो. शेवटचं पान कोरं आहे, नाव आणि फ्लॅट नंबर लिहा.